एका बाजूचा डोंगर : नाणेघाट ते निघोज

भाची पुण्यात भूशास्त्र शिकते आणि मी जन्मापासून कल्याणचा. त्यामुळे सह्याद्री तिला पाठीमागून माहीत आणि मला समोरून. "मामा, सह्याद्री हा पर्वत नाहीच, पठाराची झिजलेली कड आहे ती," हे तिचं आवडतं वाक्य. मुरबाडच्या रस्त्यानं जाताना पूर्वेला उभी राहिलेली ती काळी भिंत ज्यानं आयुष्यभर पाहिली, त्याला हे कसं पटावं? शेवटी एकदा ठरलं. खालून नाणेघाट चढायचा, कडेकडेनं हरिश्चंद्रगडापर्यंत जायचं आणि शेवटी नाणेघाटाजवळ उगम पावणाऱ्या कुकडीच्या मागं पूर्वेकडं निघोजपर्यंत. सप्टेंबरचा शेवट गाठला, म्हणजे धबधबे चालू आणि सोनकी फुललेली.

पहिला दिवस : वैशाखरे ते घाटघर

वैशाखऱ्याच्या पुढं, हमरस्त्यावरच नाणेघाटाची पाटी आहे. टपरीवर चहा घेताना टपरीवाल्यानं विचारलं, "डोंगरावर चाललात ना? वर पाऊस असंल, जपून." मी भाचीकडं बघितलं. डोंगर म्हणाला की नाही? ती काही बोलली नाही, पिशवीतून टोपी काढून डोक्यावर चढवली.

वाट सुरुवातीला झाडीतून जाते आणि मग घळीत शिरते. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात. सातवाहनांच्या काळापासून कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडं जाणारा माल याच वाटेनं चढायचा. ही घळ मुळात पाण्यानं कोरलेली. कड्याला तडा असतो, त्यात ओढा शिरतो, तडा रुंदावतो आणि माणसाला वाट मिळते. कोकणातून देशावर चढणाऱ्या बऱ्याच नाळा, नळ्या अशाच. घाट बांधणाऱ्यांनी झिजेचं अर्धंअधिक काम आयतं घेतलं.

वरच्या तोंडाशी लेणं आहे आणि भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख. यज्ञ केले, त्यात इतक्या गाई, इतके घोडे, इतकी नाणी दान दिली, असा हिशेब. त्यातल्या अंकांमुळे तो जगभर ठाऊक झाला. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यावर मोठं काम केलं. त्याआधी १८२८ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं लेण्याची नोंद केली होती. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरलीत आणि खाली कुठं कुठं पावलं. अक्षरांवरून बोट न लावता नजर फिरवली तरी कळतं, काही ओळी ठळक आहेत आणि काही नुसत्या खरबरीत भिंतीत विरल्यात. दोन हजार वर्षांत एवढं.

लेण्यातून वर आलो आणि खरा धक्का तिथं बसला. खरं तर हे मी आधीही पाहिलंय, पण या वेळी नीट पाहिलं. तास-दोन तास घाम गाळून चढल्यावर पलीकडं उतार असायला हवा की नको? नाही! समोर सपाट माळ, भाताची खाचरं, विजेचे खांब, एक एसटी वळून उभी. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण वाटेच्या कडेला. डाव्या हाताला नानाचा अंगठा, म्हणजे कोकणात झुकलेला कडा. त्याच्या टोकाशी वारा खालून इतका जोरात येत होता की ओढ्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडून आमच्याच तोंडावर येत होतं. उलटा धबधबा म्हणतात तो हाच. पश्चिमेचा वारा भिंतीला थडकतो, त्याला वर जाण्यावाचून वाट नसते, आणि जाताना तो पाणी सोबत घेतो.

घाटघरात एका घरी उतरलो. जेवायला तांदळाची भाकरी आणि खेकड्याचा झणझणीत रस्सा. घरच्या मावशींनी भाचीला पाट देऊन चुलीपाशीच बसवून घेतलं. मी बाहेर ओसरीवर त्या घरच्या म्हाताऱ्या बाबांशी बोलत होतो. म्हटलं, "बाबा, तुम्ही डोंगरात राहता, पावसाळ्यात त्रास होत असेल."

"डोंगर हा नव्हं," बाबा म्हणाले. "डोंगर त्यो, जीवधनाचा. आमचं हे माळरान. खाली कोकाण."

आतून भाची हसल्याचं ऐकू आलं.

रात्री तिनं तिचं शास्त्र काढलं. डोंगर कशाला म्हणायचं याची जगात एकच एक व्याख्या नाही. ब्रिटनमध्ये साधारण २,००० फूट, म्हणजे ६१० मीटर, ही रेघ धरतात. तेवढीच अट लावली तर पुण्याची ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडीही डोंगर ठरते, कारण पुणंच मुळी ५६० मीटरवर आहे. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या केंद्रानं २००० सालाच्या सुमारास वेगळी पट्टी लावली. २,५०० मीटरच्या वर असलेलं सगळं पर्वतात धरायचं, सपाट असलं तरी. १,५०० ते २,५०० मध्ये किमान २ अंश उतार हवा. १,००० ते १,५०० मध्ये ५ अंश उतार, नाहीतर सात किलोमीटरच्या आत ३०० मीटरहून जास्त चढउतार. ३०० ते १,००० मध्ये फक्त हा चढउतार बघायचा.

"आता घाटघरला लाव," ती म्हणाली. हजार मीटरच्या आतली उंची, आणि सात किलोमीटरच्या आत कोकण पायाखाली पाचशे मीटरहून खोल. म्हणजे बाबांचं खाचर, सपाट, गुडघाभर भातानं भरलेलं, संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात चक्क पर्वतात! आणि ते पर्वतात आहे ते स्वतःच्या उंचीमुळे नाही, शेजारची जमीन नाहीशी झाली म्हणून. यावर मात्र मला झोप लागेना.

जाणाऱ्यांसाठी : वैशाखऱ्याहून चढायला अडीच-तीन तास धरा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, जुनी झिजलेली पादत्राणं नकोत. शनिवार-रविवारी पावसाळ्यात वर अफाट गर्दी होते. मधला वार गाठा. कड्याच्या टोकावर वाऱ्याचा भरवसा नाही, अंगठ्यावर पोटावर झोपूनच खाली बघावं.

दुसरा दिवस : जीवधन, कुकडेश्वर, जुन्नर

सकाळी उघाड होती. बाबांचा मुलगा वाट दाखवायला आला. जीवधनच्या वरच्या टप्प्यात पायऱ्या १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंगानं उडवल्या, त्यामुळे ओल्या कातळावर हात रोवूनच चढावं लागतं. वाटाड्या नसता तर मी तरी खालूनच नमस्कार केला असता.

गडाच्या टोकाशी वानरलिंगी. साडेतीनशे फुटांचा सुळका, गडापासून सुटून एकटा उभा. इथं भाचीनं मला बसवलं आणि एकेक गोष्ट बोटानं दाखवली. सुळक्यावरच्या आडव्या रेघा आणि गडाच्या कड्यावरच्या रेघा एका पातळीत. म्हणजे मधली जागा भरलेली होती. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला उभे तडे जातात. पाणी त्यात शिरतं, मुळं शिरतात, दिवसाच्या उन्हानं आणि रात्रीच्या गारव्यानं दगड ढिला होतो, आणि खालचा मऊ थर झिजला की वरचा ठोकळा सुटून दरीत जातो. वानरलिंगी म्हणजे न पडलेला ठोकळा. तिला कुणी उभं केलेलं नाही. भोवतालचं गेलं आणि ती राहिली.

थरांचं गणित तसं सोपं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला. आपल्या डोळ्यापुढं ज्वालामुखी म्हटलं की शंकूच्या आकाराचा डोंगर येतो, तसं नव्हे. जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरत गेला, एकावर एक. आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटर भरतो आणि घाटाजवळ त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. हिमालय दोन भूखंडांच्या टकरीत चुरगळून वर आला. इथं चुरगळणं नाही. थर जवळपास आडवेच. घट्ट काळ्या दगडाचा थर कडा होऊन उभा राहतो, सच्छिद्र दगडाचा थर झिजून उतार नाहीतर माची होते. गडाची माची माणसांनी तटबंदी घालून पक्की केली, पण जागा आधीच तयार होती.

उतरताना वाटाड्या सहज बोलून गेला, "माळीण झालं त्या साली आम्ही चार रात्री शाळेत झोपलो." माळीण म्हणजे शेजारचा आंबेगाव तालुका. ३० जुलै २०१४ ला पहाटेच्या पावसात उताराची माती सुटली आणि गाव तिच्याखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. कातळावर बसलेली जाड माती पाण्यानं जड झाली की तिला थांबवणारं फार काही उरत नाही. कोट्यवधी वर्षांच्या गप्पा मारताना आम्ही दोघंही जरा बेफिकीर झालो होतो, ते तिथं उतरलं. त्यानंतर जुन्नरच्या रस्त्याला लागेपर्यंत कुणी फारसं बोललं नाही.

वाटेत पूर गावाजवळ कुकडेश्वर. कुकडीचा उगम इथलाच मानतात. झंझ राजानं बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. देवळाच्या मागून वाहणारा ओहोळ एका उडीत ओलांडता येतो. हाच पुढं घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळणार. आणि इथून थोडंच पश्चिमेला, कड्याच्या पलीकडं पडलेला पाऊस शंभर किलोमीटरच्या आत कल्याणच्या खाडीत येतो, म्हणजे माझ्या घराजवळ!

या विषमतेतच सगळी गोम आहे. पश्चिमेचे ओढे आखूड आणि उभ्या उताराचे, पाऊस त्यांच्याच वाट्याला जास्त, म्हणून ते मागं मागं कोरत पूर्वेकडं सरकतात. पूर्वेच्या नद्या निवांत. कधी कधी पश्चिमेचा ओढा कोरत कोरत पूर्वेच्या नदीचं वरचं पाणीच पळवतो. भूगोलात त्याला नदी अपहरण म्हणतात. पश्चिम किनारा फुटून सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला तेव्हा ही कड आजच्यापेक्षा समुद्राच्या जवळ होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज ती सरासरी पन्नास-साठ किलोमीटर आत आहे.

जुन्नरला मुक्काम. मासवडी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. भाचीला रस्सा तिखट लागला, तिचा वाटा मी संपवला.

तिसरा दिवस : खिरेश्वर ते हरिश्चंद्रगड

खुबी फाट्याला उतरून पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर. नागेश्वराच्या देवळाचं कोरीव छत बघून निघा, घाई करू नका. पुढं टोलार खिंड, तिथं दगडात कोरलेला वाघ आहे. खिंडीनंतर कातळाचा टप्पा, त्याला लोखंडी कठडे लावलेत.

या टप्प्यावर भाची अचानक थांबली. मागं येणाऱ्या मुलांचा खोळंबा झाला, तिला पर्वा नव्हती. काळ्या दगडांच्या दोन थरांमध्ये वीतभर जाडीचा विटकरी लाल पट्टा होता. नखानं खरवडला की लाल भुकटी हाताला लागत होती. वरच्या काळ्या दगडात बारीक बारीक पोकळ्या आणि काहींत पांढरे स्फटिक. एक लाव्हा वाहून गेल्यावर पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ गेला, त्या काळात वरचा दगड झिजून, कुजून त्याची माती झाली, आणि नव्या तापलेल्या लाव्हानं ती भाजून काढली. लाल पट्टा म्हणजे ती माती. म्हणजे थर चढत होते तेव्हाही झीज थांबलेली नव्हती. मला वाटत होतं आधी डोंगर झाला आणि मग झिजायला लागला. क्रम तसा नाहीच.

मागच्या मुलांपैकी एकानं विचारलं, "ताई, सोनं सापडलं का?"

"सोनं नाही, पण तुझ्या पायाखाली ज्वालामुखी आहे," असं उत्तर मिळाल्यावर तो मुलगा पुढचा तासभर आमच्याबरोबरच चालला.

दुपारी देवळापाशी पोचलो. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, मंगळगंगेचा ओढा, आणि खालच्या अंगाला केदारेश्वराची गुहा. लिंगाभोवती कंबरभर बर्फगार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. चांगदेवांनी तत्त्वसार हा ग्रंथ इथंच लिहिला. संध्याकाळी कोकणकड्याकडं गेलो तर पांढरा शुभ्र पडदा. दहा पावलांवरचं दिसेना. एका छपराखाली पिठलं-भाकरी आणि ठेचा खाऊन पडी टाकली.

चौथा दिवस : कोकणकडा, तारामती, पाचनई

पहाटे धुकं खाली बसलं होतं आणि कडा उघडा. अर्धचंद्राकार, आत वळलेला. निव्वळ कातळच पाचशे मीटरच्या आसपास, आणि खालच्या गावापर्यंत मोजलं तर हजार मीटर. साइक्ससाहेबांना इथंच इंद्रवज्र दिसलं होतं, म्हणजे धुक्यात पडलेल्या स्वतःच्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. सूर्य पाठीमागं आणि धुकं समोर खाली हवं, म्हणून इथं ते सकाळीच शक्य. आम्ही पाऊण तास पोटावर पडून होतो. इंद्रवज्र नाही दिसलं.

ऐकू मात्र आलं. उजव्या हाताला कुठंतरी काहीतरी सुटलं. आधी कोरडा टण् असा एक आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग खालून लागोपाठ तीन-चार दणके आणि पाठोपाठ खडे ओघळल्याचा सळसळाट. दिसलं काही नाही, धुकं होतं. छपरावाल्या दादांना सांगितलं तर ते कांदा चिरत राहिले. "पावसाळ्यात लई सुटतात. उन्हाळ्यात पण. टोकाला उगी नाचू नये, ते यासाठीच सांगतो." एरवी कड्यांची झीज माणसाच्या आयुष्यात जाणवू नये इतकी मंद. आणि ती होते ती मात्र अशी, एका क्षणात एक धोंडा.

तारामतीवर चढलो. १,४२९ मीटर. उत्तरेला कळसूबाई, १,६४६, महाराष्ट्रातली सर्वांत उंच. इथून पूर्वेकडं बघताना भाचीनं एवढंच सांगितलं की माथे मोज. मी बघत गेलो. जवळचे, लांबचे, कितीतरी माथे सपाट आणि काही ठरावीक पातळ्यांवर. दऱ्या मनानं भरून काढल्या तर एकसंध पठार होतं. इथं कुणी काही उंचावलेलं दिसत नाही, सगळीकडं काढून नेलेलं दिसतं.

"पण मग झिजून झिजून संपला कसा नाही इतक्या वर्षांत?" मी विचारलं.

हा प्रश्न तिला आवडला. जमिनीचं कवच खालच्या सावकाश वाहणाऱ्या थरावर टेकलेलं आहे. होडीतला माल उतरवला की होडी पाण्यातून वर येते, तसंच नद्यांनी दगडमाती वाहून नेली की कवच हळूहळू वर उचललं जातं. माती जाते दऱ्यांमधून, पण उचललं जातं सगळंच, माथ्यांसकट. म्हणजे दऱ्या खोल झाल्या म्हणून एखादा माथा उंचही होऊ शकतो. झीज डोंगराला खाते हे खरं, पण त्याला उभंही तीच ठेवते. मला हे पटायला दोन सरबतं लागली.

इथंच मी अर्धा वाद सोडला. पठाराची कड, कबूल. पण तिला पर्वत म्हणू नये हे मला अजून मान्य नाही. खालून चढणाऱ्याच्या पोटऱ्यांना व्याख्येत काहीतरी जागा हवी की नाही?

पाचनईची उतरण सोपी आणि देखणी. कातळाच्या पोटाखालून वाट जाते, शेजारी ओढ्यानं खोल घळ कापलीय. सोनकीचे पिवळे गालिचे इथं पाचनईच्याच बाजूला जास्त होते. गुडघे कुरकुरत असतील तर चढायलाही हीच वाट घ्या. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्क आणि तंबूंचे नियम बदलत असतात, गावात विचारूनच पुढचं ठरवा. कोकणातून घळीनं थेट कड्याशी येणाऱ्या नळीच्या वाटेचा पावसात विचारही करू नका.

पाचवा दिवस : निघोज

रात्री आळेफाट्याला थांबून सकाळी निघोज गाठलं. पारनेर तालुका, पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. घाटमाथ्यावर त्याच्या दसपट पडणं नवलाचं नाही. ऊन चटके देत होतं. चहूकडं बघितलं तर संयुक्त राष्ट्रांच्या पट्टीनं पर्वतात बसेल असं काही नाही. आणि इथं, कुकडेश्वरापाशी उडी मारून ओलांडलेली कुकडी, काळ्या कातळात खोल चर पाडून वाहते. पलीकडं पुणे जिल्हा, अलीकडं अहिल्यानगर. वाटेत माणिकडोह आणि येडगाव अशी दोन धरणं तिला अडवतात, वरची माती बरीचशी आता तिथंच गाळ होऊन बसते.

नदीच्या पात्रात रांजणखळगे. मळगंगेच्या देवळाजवळ, गाव याला कुंड म्हणतं. कातळातल्या लहानशा खोलग्यात गोटा अडकतो, पुराचं पाणी त्याला गरगर फिरवतं, आणि वर्षानुवर्षं तो खाली खाली भोक पाडत जातो. शेजारचे दोन रांजण वाढत एकमेकांना मिळतात, मधली भिंत फुटते आणि नदीचा चर तेवढा पुढं जातो. आम्ही गेलो तेव्हा पाणी बरंच होतं, खोलातले खळगे बुडालेले. काठाला एक छोटा, ताटाएवढा रांजण कोरडा सापडला. भाचीनं दंड बुडेल इतका हात आत घातला आणि तळातले गोटे काढून दाखवले. चार. तिन्ही मोठे गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचे. चौथ्याला अजून एक धार शिल्लक होती. बघून झाल्यावर तिनं ते परत आत टाकले.

निघोजला जायचं तर पाणी ओसरल्यावर, जानेवारीपासून पुढं जा, कुंडं पूर्ण दिसतात. धरणातून आवर्तन सुटलेलं नाही ना, हे गावात विचारा. काठ पाण्यानं घासून गुळगुळीत झालेत आणि खाली भोवरे आहेत, आत उतरायचं नाही, पोहणाऱ्यानंही नाही. बरोबर पाणी आणि टोपी हवी, सावली फक्त देवळापाशी. गावात एका खानावळीत कुळथाची शेंगोळी मिळाली, आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. गाडी असणाऱ्यांनी हा प्रवास उलटा, निघोजकडून नाणेघाटाकडं केला तरी चालेल. तेव्हा घाटघरपर्यंत डोंगर चढल्याचं कळतच नाही, आणि शेवटच्या पन्नास पावलांत जमीन संपते.